तिखटाची चॅम्पियन

मी कोल्हापूरची. तिखट खाण्यात आपल्याला कोण हरवणार, असा फुल टू कॉन्फिडन्स! मग मैत्रिणीने आसामहून भूत जोलोकिया आणली. नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला आणि नाक, डोळे, इगो, सगळंच वाहायला लागलं.

२००७ मध्ये गिनीजने जगातली सर्वांत तिखट ठरवलेली ही मिरची. २००९ मध्ये आसाममधल्या जोरहाटच्या आनंदिता दत्ता तामुलींनी शेफ गॉर्डन रॅमसेसमोर दोन मिनिटांत अशा ५१ मिरच्या खाल्ल्या. वर बिया डोळ्यांना चोळल्या! खरं तर तिखट ही चव नाहीच. कॅप्सेसिनमुळे मेंदूला वाटतं, जीभ भाजतेय. रोज खाल्लं, की सवय होते.

पण मी अडकले ते भलत्याच गोष्टीत. एवढं करून बाई नाराज! का? तर आधी त्यांनी ६० खाल्ल्या होत्या.

गेल्या महिन्यात माझी एक स्टोरी परत आली. दोन दिवस मी इतरांच्या बायलाइन मोजत बसले. आनंदिता मात्र स्वतःचाच आकडा मोजत होत्या.

आज माझाच जुना लेख समोर ठेवलाय. त्याच्यापेक्षा बरा लिहायचाय. आणि हो, शेजारी दह्याची वाटीही आहे!