कोंबडीचा वैद्य

मु. चौक, ता. खालापूर

चिरंजीव भाचीस,

तुझे पत्र पावले. कशेळ्याकडील नव्या घरी पाच तलंगा आणि एक कोंबडा पाळल्याचे वाचून संतोष झाला. आणि ही पाखरे आजारी पडली तर वैद्य कोठे शोधावा, हा प्रश्न ती धडधाकट असतानाच तू विचारलास, याने तो द्विगुणित झाला. कारण आपल्याकडे हा प्रश्न बहुधा खुराड्यात दुसरे-तिसरे मढे सापडल्यावर विचारला जातो, आणि तोवर वैद्याच्या हाती करण्यासारखे फारसे उरलेले नसते.

प्रथम हे ध्यानी घे की, परसातली कोंबडी ही वैद्यकाच्या दृष्टीने अनाथ आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिनक्रम गाई-म्हशी-बैलांभोवती, त्यांच्या खुरकुताच्या आणि घटसर्पाच्या लसींभोवती फिरतो, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण शेतकऱ्याचे भांडवल गोठ्यात बांधलेले असते. उलटपक्षी करार पद्धतीने ब्रॉयलर वाढविणाऱ्या शेडवाल्याकडे कंपनीचा डॉक्टर आपण होऊन येतो, कारण तेथे हजारो पक्ष्यांचा हिशेब असतो. या दोहोंच्या मध्ये, कोंड्या-कण्यांवर आणि उकिरड्यातील किड्यांवर आपले पोट आपणच भरणारी, आणि अडल्या वेळी मीठ-मिरचीची तजवीज करणारी ही गावठी कोंबडी कोणाच्याच दप्तरी दाखल नसते. आणि तिला घेऊन रिक्षाने दवाखाना गाठावा, तर भाडेच तिच्या किमतीशी बरोबरी करू लागते.

त्यातून तिचा जो सर्वांत मोठा वैरी, त्याच्यापुढे दारी आलेला डॉक्टरही निरुपाय असतो. १९२७ च्या सुमारास कुमाऊँतील राणीखेत येथे आढळल्यामुळे त्या गावाचे नाव लागलेला, आणि आपल्या लोकांत मानमोडी म्हणून ओळखला जाणारा हा विषाणूजन्य रोग हिरवट पातळ विष्ठा, उघड्या चोचीने घेतलेला घुसमटता श्वास, लुळे पडलेले पंख-पाय आणि पिळवटलेली मान या लक्षणांनी प्रकटतो. त्यावर उपचार नाही, प्रतिबंध मात्र आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना त्याच्या डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब, आणि आठवा आठवडा उलटल्यावर पंखाखाली टोचावयाची आर-टू-बी, एवढ्याने संरक्षण मिळते. तुझ्या तलंगांचे वय पाहता त्यांना ही दुसरी लस हवी.

परंतु खरी मेख पुढेच आहे. ही लस लहानात लहान कुपीतही साधारणतः शंभर मात्रांची मिळते, ती अखेरपर्यंत बर्फात सांभाळावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. सहा पक्ष्यांच्या धनिणीने ती फोडली तर उरलेली मातीतच ओतावयाची. म्हणजे, ज्या ठाकूरवाडीच्या कोंबड्या तुझ्याच उकिरड्यावर येऊन उकरतात, त्या वाडीकडे खुद्द या कुपीनेच तुला धाडले आहे असे समज. कारण रोगाला तुझे कुंपण ठाऊक नाही, आणि शेजारची पाखरे असुरक्षित ठेवून आपली तेवढी राखण्याचा विचार जितका अप्पलपोटा, तितकाच निष्फळ आहे.

तेव्हा घरोघर जाऊन पक्ष्यांची यादी कर, ती घेऊन दवाखान्यात अथवा पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जा, आणि लसीकरणाचा दिवस मागून घे. सहा कोंबड्यांसाठी केलेली याचना विसरली जाते. दीडशे पक्ष्यांच्या यादीसह केलेल्या अर्जाची दखल घ्यावी लागते. दिवस ठरेल तो पहाटेचा असू दे, कारण एकदा खुराडी उघडली की पाखरे हाती लागत नाहीत. एक फेरी मृगापूर्वी आणि दुसरी दिवाळीच्या आत व्हावी, कारण दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि वाडी रिकामी होते. एरवी एखादे पाखरू खंगलेले दिसल्यास पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर सल्ला माग.

प्रत्येक आजार मानमोडी नसतो, हेही खरे. पावसाळ्यात ओल्या, कोंदट खुराड्यातील पिलांना रक्ती हगवण लागते, आणि ती वेळीच दिलेल्या औषधाने आटोक्यात येते. मात्र ते डॉक्टरच्या चिठ्ठीनेच आण, घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या पाण्यात विरघळवू नकोस, आणि औषध चालू असता, तसेच नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, अंडी खाऊ नकोस. बाजारातून आणलेले पाखरू दोन-तीन आठवडे वेगळे ठेव.

आणि पाखरे एकाएकी, एकापाठोपाठ एक मरू लागली, तर मढे उकिरड्यावर फेकू नकोस, कापू नकोस, कोणास देऊही नकोस. तत्काळ दवाखान्यात वर्दी दे, कारण तो बर्ड फ्लू असू शकतो. हा रोग देशात प्रथम आढळला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच राज्यातील नवापूर येथे. आणि २०२५ च्या जानेवारीत तो उरण तालुक्यातील चिरनेरपर्यंत आला होता. अशा वेळी बाधित क्षेत्रातील पक्षी सरकारी हुकुमाने नष्ट केले जातात, आणि भरपाई मिळते ती या जिवंत धरून मारलेल्या पक्ष्यांची, आपोआप मेलेल्यांची नव्हे. म्हणून भयापोटी मरतूक लपविणारा मनुष्य रोगही वाढवितो आणि आपला हक्कही गमावतो. वाडीतील माणसांना हे तू समजावून सांग. सरकारी गाडी दारात उभी राहिल्यावर सांगितलेले कोणाला पटत नाही.

एकट्या कोंबडीला वैद्य मिळणे दुर्घट आहे; वाडीला तो मिळतो. यादी तयार झाली की मला कळव. बर्फाची पेटी माझ्याकडे आहे, ती घेऊन मी त्या दिवशी पहिल्या गाडीने येईन.

कळावे,
तुझा मामा