झिजलेलीं बोटें

आमच्या हातांविषयीं आम्हांस अभिमान वाटावा असें आजवर कांहींच घडलें नव्हतें. तीस वर्षांत खडू आणि लेखणी यांहून जड असें त्यांनीं कांहीं उचललें नाहीं. परंतु गेल्या वर्षीं महाविद्यालयाच्या दारांत हजेरीचें यंत्र बसलें आणि आमच्या आळशी बोटांचें भाग्य उजळलें. कांचेवर बोट टेकावें, हिरवा दिवा लागावा, आणि आम्ही 'आम्ही'च आहों अशी यंत्रानें ग्वाही द्यावी! ज्या आत्मज्ञानासाठीं आमच्या पूर्वजांनीं अरण्यें धुंडाळलीं, तें आम्हांस रोज सकाळीं पावणेअकरा वाजतां फुकट मिळूं लागलें.

हें यंत्र आणावें अशी शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष आम्हीच होतों. 'यंत्रास आपपरभाव नसतो' हें वाक्य आम्हीं अहवालांत मोठ्या हौसेनें घातलें होतें.

दोन महिन्यांनीं बागेचें काम पाहणारे मामा व्हरांड्यांत आमची वाट पाहत उभे राहिले. "सर, माझं बोट यंत्राला पटत नाही. मी रोज येतो, झाडांना पाणी घालतो, आणि कागदावर मात्र गैरहजर. नऊ दिवसांचा पगार कापला." आम्ही त्यांस घेऊन यंत्रापाशीं गेलों. बोट धुतलें, पुसलें, पुन्हां टेकलें. पांचही वेळां तांबडा दिवा लागला. मग आम्हीं आमचें बोट टेकलें. दिवा तत्काळ हिरवा झाला, आणि त्या क्षणीं आम्हांस आमच्या बोटाची लाज वाटली.

मामांचा हात आम्हीं प्रथमच नीट पाहिला. खुरपें, माती आणि कुंपणाच्या भिंतीचा चुना यांनीं त्या बोटांवरच्या रेषा पार घासून टाकल्या होत्या. यंत्र पाहतें तें याच रेषा कोठें संपतात आणि कोठें दुभंगतात एवढेंच. पूर्वीं टिपून ठेवलेल्या ठशाशीं त्यांचा मेळ घालून तें गुण देतें, व ठराविक गुण मिळाले तर दार उघडतें. परंतु ही उत्तीर्णतेची रेषा यंत्र आंखीत नाहीं; माणूस आंखतो. ती वर नेली तर प्रामाणिक मनुष्य बाहेर राहतो, खालीं आणली तर तोतया आंत शिरतो. कोणाची चूक कोणाच्या पदरीं घालावयाची हा प्रश्न गणिताचा नव्हे, नीतीचा आहे. जन्मभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हांस तो कोणीं शिकवावयास नको होता.

ही गोष्ट एका बागेपुरती नाहीं. देशांतील पहिला 'आधार' क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिला गेला. पुढें रेशनच्या दुकानांतही बोट टेकण्याची रीत आली, तेव्हां म्हातारीं माणसें आणि मजूर यांचे ठसे जुळत नाहींत असें ठिकठिकाणीं दिसून आलें. ओळख पटविण्याचे अन्य मार्गही असावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या निकालांत सुचविलें. ज्यांनीं अधिक श्रम केले त्यांचीच ओळख पुसट व्हावी, यापरता विचित्र न्याय कोणता?

आतां आमच्या सहकाऱ्यांनीं तोड काढली आहे: चेहरा ओळखणारें, कृत्रिम बुद्धिमत्तेचें नवें यंत्र आणावें. या खेपेस मात्र आम्हीं अहवाल लिहिण्यापूर्वीं थोडें वाचन केलें. जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू या दोन विदुषींनीं २०१८ सालीं, चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन बाजारी प्रणालींची परीक्षा घेतली. उजळ वर्णाच्या पुरुषांविषयींची चूक फार तर शेंकडा ०.८ निघाली; सांवळ्या व काळ्या स्त्रियांविषयींची शेंकडा ३४.७ पर्यंत गेली. अशा यंत्रांच्या कसोटीसाठीं वापरल्या जाणाऱ्या एका चित्रसंग्रहांत शेंकडा ८६ चेहरे उजळच होते. यंत्रास आपपरभाव नसेल. पण ज्यांस आपण त्याच्यासमोर आणलेंच नाहीं, त्यांस तें परकेंच मानणार.

नोव्हेंबर २०२१ मध्यें युनेस्कोच्या सदस्य-राष्ट्रांनीं या बुद्धिमत्तेच्या नीतीविषयीं एक शिफारस स्वीकारली. अंतिम जबाबदारी यंत्रावर ढकलतां येणार नाहीं, असा तिचा एक आशय आहे. आम्हांस तो मामांच्या नऊ दिवसांनीं आधींच शिकविला होता. ते पैसे परत मिळवावयास आम्हांस तीन पत्रें लिहावीं लागलीं. आमच्या वाक्यावर विसंबून ते कापावयास मात्र कोणास एकही लिहावें लागलें नव्हतें.

नव्या अहवालांत आम्हीं तीनच गोष्टी घातल्या आहेत: यंत्राशेजारीं सहीची वही कायम राहावी; यंत्रानें नाकारलेल्याचें म्हणणें ऐकण्यास एक माणूस नेमावा; आणि यंत्र विकत घेण्यापूर्वीं त्याची परीक्षा प्राध्यापकांवर न करितां माळी, शिपाई व झाडणाऱ्या बायका यांच्यावर, त्यांस विचारून, करावी. जुनें वाक्य आम्हीं स्वहस्तें खोडलें.

सभा येत्या सोमवारीं आहे. मामांसही बोलाविलें आहे. ते म्हणाले, "येतो सर, पण सकाळी नको, गुलाबांना खत घालायचं आहे." सभा आम्हीं दुपारीं ठेविली आहे.