न फिरणारी किल्ली

ताप उतरला कीं औषधाची बाटली फडताळांत जावयाची, हा आमच्या गिरगांवांतील चाळींचा जुना रिवाज आहे. आमच्या एका मावशींनीं तोच रिवाज स्तनाच्या कर्करोगावरील गोळीस लावावयाचें मनांत आणिलें, तेव्हां त्या गोळीचें काम नीट समजून घेणें आम्हांस भाग पडलें.

मावशींची शस्त्रक्रिया परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत झाली. हें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. काढलेल्या गांठीच्या तपासणीच्या कागदावर 'ई. आर. पॉझिटिव्ह' अशीं अक्षरें होतीं. 'पॉझिटिव्ह' हा शब्द वाचून घरच्या मंडळींचे चेहरे उतरले. वस्तुतः त्यांतल्या त्यांत ती बरी बातमी होती.

संप्रेरकें, म्हणजे हार्मोन, रक्तावाटे सर्व शरीरभर फिरतात. परंतु त्यांचा निरोप सर्वच पेशींस पोंचत नाहीं. त्या संप्रेरकास धरून ठेवणारें प्रथिन ज्या पेशींत असेल, तिलाच तो पोंचतो. या प्रथिनास रिसेप्टर म्हणतात. आपण त्यास कुलूप म्हणूं. इस्ट्रोजेन ही त्याची किल्ली. ती बसून फिरली कीं पेशीच्या केंद्रांतील कांहीं जनुकें जागीं होतात, आणि पेशी वाढूं व विभागूं लागते. बीजकोश काढल्यानें स्तनांतील गांठ आटूं शकते, असें ग्लासगोच्या डॉ. बीट्सन यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें हा गुण कांहीं स्त्रियांनाच येतो असें दिसून आलें. असें कां, याचा उलगडा १९५८ च्या सुमारास शिकागो येथें एल्वुड जेन्सन यांनीं हें कुलूप शोधून काढल्यावर होऊं लागला.

टॅमॉक्सिफेनची गोळी ही त्या कुलुपांत बसणारी, पण न फिरणारी किल्ली होय. ती खऱ्या किल्लीची जागा अडवून बसते. ज्या गांठींत कुलूपच नाहीं, तेथें तिचा उपयोग नाहीं. गर्भाशयाच्या अस्तरांत मात्र ती थोडी फिरते. म्हणून अवेळीं रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांस लगेच कळवावें लागतें.

"अरे, दोन वर्षें झालीं. गांठ नाहीं, दुखणें नाहीं. अंगाची आग तेवढी होते. मग ही गोळी कशाला?" असें मावशी म्हणत. त्यांची तक्रार खरी होती. ती आग त्या अडविलेल्या निरोपाचाच परिणाम. परंतु शस्त्रक्रियेनंतर एखादी पेशी कोठें दडून राहिली असेल, तर किल्ली काढून घेतांच तिचें कुलूप पुन्हां मोकळें होतें. म्हणून ही गोळी रोज, पांच वर्षें, आणि कांहींना दहा वर्षें घ्यावयाची. पांच वर्षें घेतल्यास अशा स्त्रियांत या रोगानें होणारे १५ वर्षांतील मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटतात, असें मोठ्या चाचण्यांवरून सिद्ध झालें आहे.

हें सर्व ऐकून मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला बरें वाटतें आहे, तें कदाचित् हिच्यामुळेंच!" गोळी चालू आहे. आग सोसवेनाशी झाली म्हणजे त्या परळास जाऊन डॉक्टरांस विचारतात. आपल्या मनानें बंद करीत नाहींत.