आजोबांची बुलेट आणि एकोणीस इंच

आधीच सांगून ठेवते, दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटात होते. तिथे मराठी म्हणजे सेकंड लँग्वेज. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी सांभाळून घ्यावं! विषय मात्र माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. आजोबांची १९७१ ची बुलेट ३५०.

ही गाडी मूळची इंग्लंडची, १९५५ पासून मद्रासला बनू लागली. १९४९ च्या मॉडेलला मागे स्विंगआर्म आणि दोन शॉकअप होते, तेव्हा बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचं मागचं चाक सरळ फ्रेमलाच जखडलेलं असायचं. आमची बुलेट साताऱ्याच्या घरी पडवीत ताडपत्रीखाली वीस वर्षं पडून होती. इंजिन दोन महिन्यांत बोलायला लागलं. भांडण पेटलं ते चाकांवरून.

चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याचं म्हणणं, सतरा इंची अलॉय टाकू, मागे १२० चा जाड टायर आणि उंच गॅसवाले शॉकअप. "अगं, सिग्नलला सगळे वळून बघतील!" आजोबांची अट एकच. "काय घालायचं ते घाल बाळ, पण मला मागं बसून एकदा माहुलीला जाता आलं पाहिजे." आजीला मागे बसवून ते दर सोमवारी संगम माहुलीला महादेवाच्या दर्शनाला जायचे. आजी गेल्यापासून गेलेले नाहीत. वय ब्याऐंशी, गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय, पाय फार वर उचलत नाही.

म्हणजे प्रश्न सीटच्या उंचीचा! मेसच्या बिलामागे हिशोब केला. मूळ टायर ३.२५-१९. बाजूची उंचीही साधारण सव्वातीन इंच धरतात, म्हणून पूर्ण चाक साडेपंचवीस इंच, सुमारे ६४८ मिलिमीटर. सतरा इंची रिमवर १२०/८० घातला तर ६२४. गाडी बारा मिलिमीटर खाली येते. दादा खूश! पण जुन्या बुलेटमध्ये ब्रेकचा ड्रम हबचाच भाग असतो. अलॉय बसवायचं तर ब्रेकही बदला, मग ॲक्सलचे बुश करून घ्या, मग स्पीडोमीटर. लहान चाक जास्त फिरतं, पन्नासला काटा बावन्न दाखवणार. बारा मिलिमीटरसाठी एवढा उपद्व्याप? बरं, मूळ रिमवरच जाड टायर चढवू म्हटलं, तर ती रिम १.८५ इंचांची. १२० चा टायर तिच्यावर कडांनी आत ओढला जातो आणि फुग्यासारखा गोल होतो.

एकोणीस इंच कायम राहिलं. रिम नवीन, हब जुने, चाळीस-चाळीस तारा. आउट काढणारे चाचा आमच्या हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत बसतात. तार बोटाने वाजवून ते आवाजावरून ताण ओळखतात. प्रत्येक तार आधीच ताणलेली असते. वजन आलं की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. त्या 'दाबल्या' जात नाहीत. हे मला थिअरी ऑफ मशिन्सच्या सरांपेक्षा चाचांच्या दुकानात जास्त नीट कळलं (सर, प्लीज ओरलला लक्षात ठेवू नका).

टायर घेताना कडेवरचे चार आकडे बघा. आधी आठवडा, मग वर्ष. एका दुकानदाराने मला 'नवाकोरा' म्हणून सात वर्षांपूर्वीचा टायर दाखवला. न वापरलेलं रबरही कडक होतं, पावसात पकडत नाही. मागे आजोबा बसणार आहेत!

सगळ्यात जास्त पैसे पुढच्या फोर्कने खाल्ले. पाइपांवर गंजाचे खड्डे पडले होते. नुसतं सील बदललं तर हे खड्डे ते पुन्हा कापणार आणि तेल गळणार, म्हणून पाइपच नवे घेतले. तेल जाड घातलं की गाडी 'भक्कम' वाटते असं सगळे सांगतात. वाटते खरी, पण खड्डा सरळ मनगटात येतो. स्प्रिंग धक्का साठवते आणि तेल तो जिरवतं. पूर्ण न जिरवता थोडा हलू द्यायचा, म्हणूनच झीटा एकपेक्षा बराच कमी ठेवतात.

दादाचे उंच शॉकअप मात्र मी साफ नाकारले. मागची बाजू उचलली की हँडलचा कोन उभा होतो, ट्रेल कमी होतो आणि हँडल चुळबुळ करायला लागतं. शिवाय आजोबांचा पाय! मूळ लांबीचेच मागवलेत, खाचांवर स्प्रिंग कमी-जास्त करता येणारे. सगळ्यात खालची खाच लावली तर सीट आणखी थोडी बसेल, पण दोघं असताना स्पीडब्रेकरला आपटेल. म्हणून दुसरी. उरलेली उंची घराच्या ओट्याने भरून काढली. गाडी ओट्याला लावून आजोबा पहिल्या पायरीवर उभे राहिले. पाय पलीकडे गेला. दोनदा करून बघितलं.

शॉकअप अजून यायचेत. आजोबा रोज रात्री मेसच्या वेळेलाच फोन करतात, "आले का गं?" शेवटचा पेपर शुक्रवारी आहे. त्यांनी सोमवार पक्का केलाय.