माहेरच्या नावाचा दाखला

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे ज्याचा जन्म झाला, त्याला तो जन्म लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी-दफ्तरात दाखल करून पोर्तुगीज नागरिक म्हणून मान्यता मिळविता येते, आणि त्याच्या मुलांना, व अधिक अटी पाळल्यास नातवंडांनाही, त्याच नात्याने हा हक्क सांगता येतो, ही गोष्ट गोमंतकात घरोघर ठाऊक असली तरी तेरेखोल नदीच्या अलीकडे, आमच्या जुन्या सावंतवाडी संस्थानाच्या मुलखात, तिची वार्ता पुष्कळ उशिरा पोहोचली. ज्यांना ती आधी कळली त्यांची मुलेबाळे पोर्तुगालचे पारपत्र घेऊन इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी स्थिरावलीही. पुढे इंग्लंडने युरोपीय संघ सोडला आणि २०२० च्या अखेरीस ती वाट मिटली, तरी युरोपातील इतर देश होतेच. माझ्या भाच्याने आजीच्या जन्माचा दाखला काढून देण्याची गळ मला घातली ती यानंतर. त्याची आजी म्हणजे माझी आई. तिचा जन्म पेडणे महालातला, लग्न १९४९ साली सावंतवाडीस, आणि पुढचे सारे आयुष्य सासरी. सेवानिवृत्त, मोडी वाचू शकणारा आणि गोव्याच्या फेऱ्या करण्यास मोकळा असा कुटुंबात मी एकटाच असल्यामुळे हे काम मजकडे येणे क्रमप्राप्तच होते.

वंशावळी आमच्या घरी होती; तिचा अभिमानही होता. आजोबांनी स्वहस्ते मोडीत उतरलेल्या त्या लांब कागदावर मूळ पुरुषापासून दहा पिढ्या शाखोपशाखांसह मांडलेल्या आहेत, कोण दत्तक गेला, कोणाचा वंश खुंटला, कोणी देशावर जाऊन वतन संपादिले, हे सारे टिपलेले आहे. पण माझ्या आईचा उल्लेख त्यात ‘भार्या’ या शब्दापुढे सासरी ठेवलेल्या नावाने होतो आणि ती कोणाची कोण, याबद्दल तो कागद एक अक्षर बोलत नाही. मातुलगृही जपलेल्या वंशावळीत तिच्या भावांची नावे ठसठशीत आहेत, आणि त्यांच्याखाली ‘कन्या ३’ एवढीच नोंद. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या बाडात मातामहांच्या वडिलांची स्वाक्षरी निघाली, ती पाहून मला गहिवरून आले हे खरे, परंतु तेथेही पुत्र, पौत्र आणि बंधू यांच्यापलीकडे कोणी नव्हते. वंशावळी हा दस्तऐवज वतन कोणाकडे जावे आणि पिंड कोणी द्यावा एवढ्याच प्रश्नांसाठी निर्माण झाला. त्याने इतर प्रश्नांची उत्तरे द्यावीत ही अपेक्षाच गैरवाजवी, असे मी तेव्हा स्वतःला समजाविले. आता तसे समजावीत नाही.

लिस्बनच्या अधिकाऱ्यांस दहा पिढ्यांची मातब्बरी नको असते. त्यांना हवा असतो एकच जन्म, त्याचा दिवस, त्याचे स्थळ आणि त्याचे आईबाप. आणि तोही वहीतील संपूर्ण लेखाच्या अस्सलबरहुकूम नकलेच्या रूपाने, नुसत्या सारांशाच्या दाखल्याने नव्हे. गोव्यात ह्या जन्मवह्या तालुक्याच्या निबंधकाकडे असतात. वर्ष आणि नोंदीचा क्रमांक ठाऊक असेल तर काम सोपे. नसेल तर फेरिस्त पाहावी लागते, आणि पोर्तुगीज अमदानीतील फेरिस्त पाहणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती आडनावावर लावलेली नसते, मुलाच्या नावावर लावलेली असते. शिवाय पोर्तुगीज लेखक ‘श’ हा उच्चार ‘एक्स’ या अक्षराने लिहीत, त्यामुळे शंकर आणि शांताराम हे वर्णमालेच्या पार शेवटी जाऊन बसतात. ‘के’ लिहिण्यास ते ‘क्यू’ वापरीत, म्हणून केशव शोधावयाचा तो भलत्याच पानावर. नाईक, प्रभू, कामत ही आडनावे तर त्यांच्या लेखणीतून अशी काही रूपे धारण करून बाहेर पडत की खुद्द त्या घराण्यातील मनुष्याने ती ओळखू नयेत. पोर्तुगीज उच्चारांचे हे नियम मी एका वृद्ध पेडणेकर शिक्षकांकडून शिकलो, आणि माझ्या मातामहांचे नाव त्या लिपीत नेमके कसे लिहीत असत याची रुजुवात ग्रामदेवतेच्या देवस्थानातील महाजनांच्या यादीवरून केली. देवालयांच्या महाजनांसाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये नियमावली केली होती. तिच्या योगाने अशा याद्या ठेवण्याची जी वहिवाट पडली, ती आज आम्हांसारख्या शोधकांच्या फार उपयोगी पडते.

वर्षाचा प्रश्न आईच्या पत्रिकेने सोडविला. शके १८५५ चा श्रावण म्हणजे १९३३ च्या जुलै-ऑगस्टचा काळ. फेरिस्तीत त्या वर्षाच्या पानांवर आईच्या माहेरच्या नावाच्या दोघी मुली निघाल्या. पैकी एकीचे गाव निराळे होते. निबंधकाच्या कचेरीतील लेखनिकबाईंनी मोठ्या सौजन्याने वही काढून माझ्यापुढे ठेवली.

तो लेख मी कितीतरी वेळ वाचीत राहिलो. त्यात तारीख आकड्यांत नव्हती, शब्दांत होती; जन्माची वेळ होती, गाव आणि वाडा होता, बापाचा व्यवसाय होता, आईचे नाव तिच्या माहेरच्या कुळासह होते, आणि त्यापुढे, जणू हे सांगण्यावाचून मनुष्याची ओळख पुरीच होत नाही अशा निश्चयाने, बापाकडील आजा-आजी व आईकडील आजा-आजी अशी चौघांची नावे होती. दरवर्षी महालयात तर्पण करताना ‘मातुःपितामही’ या पदापाशी आलो की गुरुजी थांबत आणि आम्ही एकमेकांकडे पाहत असू, कारण आईची आजी कोण हे आईलाही सांगता आले नव्हते. ती माझ्या पणजोबांची पत्नी येथे, एका परधर्मी, परक्या राजवटीच्या कारकुनाच्या हस्ताक्षरात, आपल्या नावानिशी उभी होती. ज्या राजवटीच्या पोलिसांनी १५ ऑगस्ट १९५५ रोजी ह्याच पेडणे महालातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, आणि जिच्याशी चाललेल्या झगड्यात सीमा बंद होऊन माझी आई कित्येक वर्षे माहेराला मुकली, तिच्याविषयी मला कधी ममत्व वाटले नाही आणि आजही वाटत नाही. परंतु त्या वहीपुरता मी तिचा ऋणी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दाखला मिळाला, तरी खरी अडचण त्यापुढेच होती. वहीतील मुलगी माहेरी नदीच्या नावाने ओळखली जाई. सावंतवाडीतील माझी आई देवीच्या नावाने वावरली, आणि तिच्या मृत्यूचा दाखलाही त्याच नावाचा. ह्या दोन्ही स्त्रिया एकच, हे सिद्ध कशाने करावे? मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा झाला १९५३ साली. त्याआधीच्या आमच्या घरच्या लग्नाला साक्षीदार होते ते अग्नी आणि आप्त, आणि आप्तांपैकी हयात कोणीच नव्हते. एका वकिलांनी प्रतिज्ञापत्र सुचविले, दुसऱ्यांनी दिवाणी न्यायालयातून घोषणा मागण्याची तजवीज सांगितली. माझ्या मामेभावाने मात्र सहज विचारले, ‘आज्याच्या मरणानंतर वारसालेख झाला होता, तो पाहिलास का?’

पोर्तुगीज दिवाणी संहितेने मुलगा आणि मुलगी यांना बापाच्या मालमत्तेत सारखे वारस मानले, आणि मुक्तीनंतरही गोव्यात तोच वारसाक्रम चालत राहिला. मातामह १९६४ मध्ये वारले. त्यांच्या मागे नोटरीसमोर झालेल्या वारसालेखात तिन्ही मुली आपापल्या दोन्ही नावांनी, नवऱ्यांच्या नावांसह आणि सासरच्या गावासह लिहिलेल्या होत्या, कारण विवाहाबरोबर मालमत्ता सामाईक होत असल्यामुळे जावयांनाही त्यात पक्षकार करणे भाग होते. महाराष्ट्रात वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले. जिथे हिस्सा असतो तिथे नावही टिकते, आणि आमच्या वंशावळीत आई का नाही याचे उत्तर मला त्या नोटरीच्या कागदात मिळाले. आईने आपला वाटा भावांना सोडून दिला होता, हेही त्यातच कळले, आणि त्याबद्दल ती आम्हांजवळ जन्मात कधी बोलली नव्हती.

पुढचा भाग रूक्ष आहे. दोन्ही कागदांवर आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यावे लागले. वास्तविक सरळ मार्ग असा, की आधी माझ्या बहिणीने आईच्या नात्याने पोर्तुगीज नागरिकत्व घ्यावे आणि मग भाच्याने तिच्या नात्याने. परंतु आपले संविधान दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व पत्करले की भारताचे संपते. अक्काने तो विचार ऐकूनही घेतला नाही. ‘पोराच्या नोकरीसाठी मी ह्या वयात परदेशी होऊ होय?’ एवढे म्हणून ती उठून गेली, आणि माझ्या मते तिचे बरोबर होते. नातवाच्या नात्याने थेट अर्ज करण्याचा मार्ग राहिला. त्यासाठी अर्जदारास पोर्तुगीज भाषा बेताची तरी यावी लागते. भाचा सध्या मुंबईत रात्री जागून ती शिकत आहे, क्रियापदांच्या रूपांनी त्रासून मला दूरध्वनी करतो, आणि मी त्याला त्या पेडणेकर गुरुजींनी दिलेले जुने व्याकरण पाठवून दिले आहे.

ही हकीकत गावात पसरल्यापासून मजकडे लोक येऊ लागले आहेत. परवा बांद्याचे एक गृहस्थ आले. त्यांची आजी डिचोलीकडची, एवढेच त्यांना माहीत होते. मी तिचे माहेरचे नाव विचारले. त्यांनी घरी विचारून सांगतो म्हटले, आणि आठवड्याने निरोप आला की घरात ते कोणालाच ठाऊक नाही. मी त्यांना कळविले, की आधी आजीचे माहेरचे कुळ आणि कुलदैवत शोधा, त्या देवस्थानात महाजनांची यादी पाहा, आणि तिच्या बापाचा वारसालेख झाला होता का याची चौकशी करा. जन्मवहीकडे त्यानंतर जाता येईल.