शकुंतलेच्या वाटेवरचे कारंजा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे गाव भाविकांना चांगले परिचित आहे. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्त तेथे येतात. जुनी जैन मंदिरे आणि त्यांतील हस्तलिखितांची भांडारे यांच्या ओढीने जैन बांधव व अभ्यासक येतात. तेथील जुन्या रेल्वे स्थानकाकडे मात्र आता कोणी फिरकत नाही. आमच्यासारख्या मोजक्या कॅथलिक कुटुंबांच्या लेखी एके काळी तेच तीर्थस्थान होते, म्हणून हे चार शब्द.

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. मुंबई–नागपूर हा मोठा मार्ग १८६७ पर्यंत पुरा झाला. पण कापूस पिकत होता तो त्या मार्गापासून दूर, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात. तो बैलगाडीऐवजी रुळांवरून मूर्तिजापूरला आणावा म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दोन फूट सहा इंच रुंदीचे अरुंद लोहमार्ग टाकले गेले. एक फाटा अचलपूरला गेला. दुसरा कारंजा, दारव्हा करीत ११३ किलोमीटरवरील यवतमाळला. मालकी किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली, तिने गाड्या चालविल्या. मार्ग मात्र कंपनीचाच राहिला आणि करारानुसार तिला मोबदला मिळत राहिला. लोकांना या व्यवहाराशी कर्तव्य नव्हते. त्यांनी गाडीला ‘शकुंतला’ म्हटले आणि आपल्या घरची मानले.

माझे वडील कारंज्याच्या एका जिनात फिटर होते. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ साली झाला, त्या सुमाराच्या या आठवणी आहेत. गावात आमची जेमतेम तीन घरे. चर्च नव्हते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दूरच्या मिशन-केंद्राहून फादर येत. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून शकुंतलेत बसत. आमच्याच ओसरीवर टेबल मांडून, त्यावर आईचे लग्नातले पांढरे वस्त्र अंथरून मिस्सा होई.

आजच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्न वर्ज्य करायचे, हा नियम १९५७ पर्यंत होता. मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूलाही तो लागू होता. शिवाय, सर्वसाधारणपणे, दुपारी एकनंतर मिस्सेस प्रारंभ करता येत नसे. त्यामुळे आमच्या मिस्सेची वेळ घड्याळावर नव्हे, तर इंजिनाच्या शिट्टीवर अवलंबून असे. स्थानकावरचा हमाल वडिलांना येऊन सांगे, “मिस्त्री, मूर्तिजापूर सोडलं पा गाडीनं!” मग आई मेणबत्त्या काढी.

एका श्रावणात, १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला फादर येणार होते. रात्रभर पाऊस कोसळत होता. पाणी ओसरेपर्यंत गाडी वाटेतच थांबली. आम्ही स्थानकाच्या पत्र्याखाली उभे होतो. बारा वाजले, एक वाजला. आई काही बोलली नाही, पण हातातील जपमाळ तिने थांबविली. दोनच्या पुढे गाडी आली. फादर उतरले, चेहरा उपवासाने ओढलेला. मिस्सा आता होणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते आणि आईलाही. त्यांनी तिथेच बाकावर आमच्यासाठी प्रार्थना केली, घरी येऊन माझ्या धाकट्या बहिणीला बाप्तिस्मा दिला आणि मग आमच्याबरोबर ज्वारीची भाकरी खाल्ली. आई पुढे अनेकदा म्हणे, “त्या दिवशी मिस्सा झाली नाही, पण फादर उपाशी आले होते.” तिच्या श्रद्धेला तेवढे पुरले. आपल्यासाठी कोणी उपाशीपोटी एवढी वाट तुडवतो, हे तिने पाहिले होते.

पुढे रस्ते झाले, एस.टी. आली, कापूस ट्रकने जाऊ लागला. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाले आणि डिझेलचे आले. कर्मचारी कमी होत गेले. तरीही भाडे कमी म्हणून मजूर, भाजीवाल्या, शाळकरी मुले तिच्यातूनच जात. अखेर गेल्या दशकात तीही थांबली. मार्ग रुंद करण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. रूळ मात्र गवतात तसेच राहिले. वाशीम शहरातून जाणारा अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला. वर्ध्याहून नांदेडला जाणारा नवा मार्ग यवतमाळवरून आखला आहे. कारंजा या दोन्ही वाटांवर नाही.

कालिदासाच्या शकुंतलेची ओळख पटायला अंगठी सापडावी लागली. आमच्या शकुंतलेची खूण ज्यांच्याजवळ आहे, ती माणसे आता म्हातारी झाली. कापसासाठी आणि नफ्यासाठी टाकलेल्या रुळांवरून आमच्यापर्यंत संस्कारही पोचले. मार्ग टाकणाऱ्यांच्या हिशेबात हे कुठेच नव्हते. आज आपल्या धर्मग्रामांत मोटारी आहेत, दर रविवारी दोन-तीन मिस्सा आहेत. ही कृपाच आहे. परंतु आडगावी एकट्या पडलेल्या कुटुंबाकडे जाणारी वाट अजून कोणीतरी चालायला हवी. मग तेथे रूळ असोत वा नसोत.