रोवणीच्या आधी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात लेकरू अंगणवाडीत बसवायची वेळ आणि धानाची रोवणी एकाच सुमारास येतात. पावसाच्या सुरुवातीला टाकलेले पऱ्हे तीन-चार आठवड्यांत तयार होतात, आणि मग तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत हातपाय चालणारी एकही बाई दिवसा घरी सापडत नाही. याच घाईत तीन वर्षांचं मूल सकाळी अंगणवाडीच्या दारात उभं केलं जातं आणि आई बांधीकडे धावते. त्या मुलासाठी हे फार कठीण आहे. म्हणून सेविका म्हणून माझं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. मोहफुलं वाळवून झालेली असतात, तेंदूपत्ता उरकत आलेला असतो, बायांना संध्याकाळी थोडी उसंत असते. ज्या घरी अडीच-तीन वर्षांचं मूल आहे, तिथे मी ओट्यावर जाऊन बसते.

बसते ती आईशी बोलायला. मुलाला हाक मारत नाही, उचलून घेत नाही, नाव विचारत नाही. ते पदराआडून पाहत असतं. आपली माय या बाईशी हसते, तिला पाणी देते, हे त्याने पाहिलं म्हणजे माझं अर्धं काम झालं. दोन-चार फेऱ्यांनंतर ते स्वतःच जवळ येतं आणि माझ्या पिशवीत हात घालतं. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नव्हती. मग त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आज अंगणवाडीला पक्की खोली असते, रजिस्टर असतं, मोबाइलवर भरायची माहिती असते. पण मुलाच्या अंगणात आधी आपण जायचं, ही त्या दोघींची रीत मला अजूनही सर्वांत कामाची वाटते.

खोलीबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गावात लस टोचायची जागा बहुधा अंगणवाडीच असते. नऊ महिन्यांनंतरची गोवर-रुबेलाची सुई, दीड वर्षाच्या आसपासचा बूस्टर, वजनासाठी काट्याला लटकवणं, हे सगळं मुलाने याच छताखाली सोसलेलं असतं. वर घरात कुणी ना कुणी सांगत असतं, "जेवला नाहीस तर बाईकडे नेऊन देतो, सुई टोचते ते." असं मूल दार पाहताच किंचाळणारच. म्हणून मी आजीला हात जोडून सांगते, माझ्या नावाने भीती घालू नका. आणि मुलाला खोलीत प्रथम आणायचं ते लसीकरणाच्या दिवशी नाही. दुपारी, खोली रिकामी असताना, आईसोबत. त्याने पाण्याचा माठ पाहावा, चटईवर लोळावं, ठोकळे पाडावेत आणि घरी जावं. त्या दिवशी काट्याला हात लावायचा नाही.

घरच्यांनी करायची तयारी अगदी साधी आहे. इलॅस्टिकची चड्डी घाला, त्याला ती स्वतः खाली करता आली पाहिजे. ताटातलं हाताने खाऊ द्या, सांडलं तर सांडू द्या. आमच्याकडे कुणाच्या घरी पोवारी बोलतात, सालेकसा-देवरीकडे गोंडी, कुठे छत्तीसगढी. पाणी, शी-शू, दुखतं, भूक लागली, यांना त्या घरात काय म्हणतात ते मी आईकडून आधीच शिकून घेते. रडणाऱ्या मुलाला त्याच्याच बोलीत "पाणी पाहिजे?" असं विचारलं की ते क्षणभर थांबून तोंडाकडे पाहतं. तेवढं पुरतं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो निघून जाण्यावरून. "खेळात रमला की मी हळूच सटकतो जी," असं बाया म्हणतात. मी सटकू देत नाही. मान वर केल्यावर आई दिसली नाही, तर दुसऱ्या दिवशी ते मूल खेळणारच नाही, ते पदर धरून राखण करत बसेल. तोंडावर सांगून जा. "दोन तासांनी येते" याला त्याच्या लेखी अर्थ नाही. "तू खिचडी खाल्ली, हात धुतले, की मी येते" हे त्याला कळतं. ते रडेल. रडू द्या, मी आहे. पण हात धुवून झाल्यावर दारात कुणीतरी आलंच पाहिजे; पहिल्या आठवड्यात हा शब्द मोडला तर पुढचा महिना जड जातो.

रडणाऱ्याची मला तेवढी काळजी नसते. काळजी असते ती कोपऱ्यात गप्प बसणाऱ्याची. लोक म्हणतात, किती शहाणं आहे. लंडनला जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एक फिल्म केली होती, दवाखान्यात एकटी राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीची. गप्प झालेलं मूल रुळलेलं असतंच असं नाही, ते आशा सोडू लागलेलं असू शकतं, हे त्यांच्या कामामुळे जगाने मान्य केलं. असं मूल दिसलं की मी मदतनीसताईंना भांडी बाजूला ठेवायला सांगते. त्याला मांडीवर घेऊन बसणं हेच त्या वेळचं काम.

जर्मनीतल्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाजवळ बसून राहतात, चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन पाहतात. पद्धत मला पूर्ण पटते. पण रोवणीत तीन दिवसांची मजुरी कोण सोडणार? खरं तर अंगणवाडीचे थोडे तास आणि शेतातला अख्खा दिवस यांचा मेळच बसत नाही. २०२२ पासून मिशन शक्तीखाली 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. धानपट्ट्यातल्या प्रत्येक गावात ते हवं, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

ते होईपर्यंत मी रोवणीच्या टोळीतल्या बायांशी बोलते. काम एकराच्या ठेक्याने असतं, एक बाई उशिरा आली तर बाकीच्यांवर भार पडतो, हे मला ठाऊक आहे. तरी ज्यांची लेकरं आता शाळेत जातात, त्यांना मी विचारते: या नव्या मायला पहिला आठवडा अर्धा तास उशिरा येऊ द्याल का? तिची ओळ तेवढा वेळ तुम्ही धरा. बहुतेक टोळ्या हो म्हणतात. जिथे नाही म्हणतात, तिथे मी आजोबांना बोलावून घेते आणि सोडण्या-आणण्याचं त्यांच्याकडूनच जूनमध्ये सुरू करून घेते.